पंचवीस मीटरचा दोर

१ ऑगस्ट, शुक्रवार
पवनारजवळचं राष्ट्रीय क्रीडा प्रशिक्षण केंद्र आज उघडलं. मला आमंत्रण नाही. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. रूपराव झाडे सर म्हटलं की पन्नाशीचे बाप्येही अजून ताठ उभे राहतात. आणि आमंत्रण कोणाला, तर सरपंचाच्या मेहुण्याला! ज्यानं आयुष्यात पत्त्यांशिवाय काही खेळलं नाही.
फाटकावर बोर्ड: सकाळी साडेपाच ते साडेसात जनतेसाठी खुले, नंतर फक्त निवड झालेले खेळाडू. म्हणजे देशाच्या धावपट्टीवर आधी गावच्या बाया साडीखाली बूट घालून चकरा मारणार. केंद्र आहे का भाजीची गुजरी?
संकल्प: मुख्य प्रशिक्षक पदासाठी अर्ज करणे. पद अजून निघालेलं नाही. निघेल.

३ ऑगस्ट, रविवार
अर्ज तयार. सात पानं. त्यातली साडेचार 'पूर्वानुभव' या एका मथळ्याखाली. अठ्ठावीस पोरं जिल्हा स्पर्धेला नेली हे लिहिलं. अठ्ठावीसांतून एकही पहिलं आलं नाही हे लिहिलं नाही, कारण तो दोष पंचांचा. आमच्या मैदानावर हरणासारखं पळणारं पोरगं वर्ध्याले जाऊन शेवटच्या दहा-बारा मीटरात काऊन मरते? काहीतरी काळंबेरं आहे. ब्याण्णवला माझा एक विद्यार्थी दुसरा आलता. तेव्हापासून पंच सावध झाले.

५ ऑगस्ट, मंगळवार
केंद्रात धावण्याचा कोच कोण, ते कळलं. नीलेश पोहाणे! माझाच विद्यार्थी. २००४ साली जिल्ह्यात ऐंशी मीटरपर्यंत सगळ्यांच्या पुढे आणि रेषेवर सातवा. सगळ्या शाळेसमोर मी त्याला सांगितलं होतं की तुझ्या छातीत फुप्फुस नाही, सरकी भरली आहे. आता तो कोच. देशाचं कठीण आहे.
अर्ज त्याच्याच हातात द्यावा लागला. त्यानं वाकून नमस्कार केला. ढोंगी.

९ ऑगस्ट, शनिवार
नात मयुरी, वय चौदा. चौदा सप्टेंबरला केंद्राची निवड चाचणी आहे. शंभर मीटर, मुलींसाठी १३.८ सेकंद. निवड झाली की होस्टेल, शाळा, खुराक, बूट सगळं तिकडेच. पोरीनं ते पत्रक कपाटाच्या आतून चिकटवलं आहे आणि दिवसातून दहादा कपाट उघडते.
आज आमच्या मैदानावर वेळ घेतली. १२.६! मी तीनदा घड्याळ पाहिलं. हे झाडे सरांचं काम.
नीलेशनं निरोप पाठवला की पोरीला एकदा सकाळी जनतेच्या वेळेत पाठवा, मोजलेल्या ट्रॅकवर पळून पाहू द्या. मी म्हटलं, गरज नाही. मोजलेला म्हणे! आणि आमचा काय अंदाजानं आहे? ब्याण्णवला मी स्वतः वर्ध्याला टेप लावून पंचवीस मीटरचा सुती दोर कापून आणला. तो चारदा टाकायचा, चुन्याची फक्की मारायची, झाले शंभर. तेहतीस वर्षं तोच दोर. इतका नियम तर सरकारचाही नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
आता घरी बैल नाहीत. तरी सौ. प्रमिलेनं गोठ्याला तोरण बांधलं आणि आमच्या हिऱ्याची आठवण काढत बसली. म्हणे त्र्याण्णवच्या पोळ्याले दुकानं बंद होती, तवा हिऱ्याचा कासरा तुम्ही कायचा केलता, आठोते का? मी म्हटलं, खेळाच्या दिवसात बैल मधात आणू नको. ती हसली. या बाईला कधी काय हसू येईल, नेम नाही.
पुरणपोळ्या पाच. उद्यापासून डाएट.

३० ऑगस्ट, शनिवार
केंद्राचं पत्र. दोन ओळी. सध्या पद रिक्त नाही, जनतेच्या वेळेत आपले स्वागत आहे. स्वागत! माझं! त्या बूटवाल्या बायांसंगं!
संध्याकाळी मयुरी म्हणे, आबाजी, मैत्रिणी सकाळी तिकडं जाऊन राह्यल्या, मी जाऊ का? मी साफ नाही म्हटलं. रबरावर पळून पाय बिघडतात. मग हळूच म्हणे, एकदा टेपनं मैदान मोजू का? नीलेश सरांनी विचारलं होतं. मी इतका ओरडलो की शेजारचं कुत्रं उठून गेलं. ज्या दोरावर तो कोच पळायला शिकला त्या दोराची चौकशी करतो! पोरगी रडली नाही. कपाट उघडून पत्रक पाहत उभी राहिली.

१३ सप्टेंबर, शनिवार
सगळं पक्कं. पेढे सांगून ठेवले, दोन किलो. पत्रकारांसाठी चार वाक्यं पाठ केली. त्यात नीलेशचं नाव नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
सविस्तर लिहिणार नाही.
ऐंशी मीटरपर्यंत मयुरी दोन हात पुढे. मी खुर्चीवर उभा. आणि मग पोरीनं छाती पुढे काढली, पाय सैल सोडले, जसे ती आमच्या रेषेवर सोडते. रेषा अजून पुढे होती. तिला दिसत होती, पण पाय ऐकेनात. चार जणी पुढे निघून गेल्या. १४.४.
मी पंचांना काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. गार्डनं मला बाहेर नेलं. लेखी हरकत फाटकावरच लिहून दिली: ट्रॅक शेवटी चढाचा आहे.
बसमध्ये मयुरी खिडकीकडे तोंड करून रडत होती. मी म्हटलं, तुला लुटलं. पेढे आले. तसेच डब्यात आहेत.

१६ सप्टेंबर, मंगळवार
नीलेश मैदानावर आला, स्टीलचा टेप घेऊन. मी म्हटलं, घाल मोजून तुझी हौस. शून्याचं टोक मला धरायला दिलं, दुसरं टोक धरून मयुरी चालत गेली.
अठ्ठ्याऐंशी.
पुन्हा मोजलं. अठ्ठ्याऐंशी. मी म्हटलं, उन्हानं टेप वाढला.
नीलेश रेषेपाशी उभा राहिला आणि म्हणे, सर, मी पण एवढ्यावरच सैल सुटलो होतो. एवढंच. तेवढं बोलून टेप गुंडाळायला लागला. शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या, माझी तयारी होती.
घरी आलो तर प्रमिलेनं गोठ्यातून हिऱ्याचा जुना कासरा काढून ठेवलेला. मोजू नको म्हटलं. तिनं मोजला. तीन मीटर. मयुरीनं तो माझ्या दोराच्या टोकाशी धरला. सूत एक, पीळ एक, कापही जुळला.
चार त्रिक बारा. पाढे मी स्वतः पोरांकडून घोकून घेतले आहेत.
अठ्ठावीस पोरं. नाही, ब्याण्णवचा सोडून सत्तावीस. त्यांची नावं झोपताना आठवायला लागलो. अकराव्यापर्यंत आलो आणि उठून बसलो.

२० सप्टेंबर, शनिवार
पुढची चाचणी नोव्हेंबरात. मयुरी आता रोज पहाटे केंद्रात जाते. आज मी आधीच तयार होऊन दारात उभा. ट्रॅकसूट, शिट्टी, स्टॉपवॉच.
ती सायकल काढताना म्हणे, आबाजी, तुम्ही नका येऊ. रागानं नाही म्हणाली. एखाद्या पाहुण्याला सांगावं तसं म्हणाली.
शिट्टी खिळ्याला अडकवली. मला तसाही गुडघ्याचा त्रास आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ५.४०
चालत गेलो. फक्त फिरायला. डॉक्टरांनी सांगितलंच आहे.
फाटकाशी नोंदणीच्या बाईंनी फॉर्म दिला. नाव, वय, रक्तगट. खेळाडू का जनता? जनतेवर खूण केली. आतमध्ये मयुरी पळत होती, शेवटच्या रेषेच्याही पुढे वीस पावलं जाऊन मग थांबत होती. नीलेशनं सांगितलं असणार. मी सांगितलं नव्हतं.
शेवटचा रकाना: क्रीडा क्षेत्रातील पूर्वानुभव.
पेन धरून उभा राहिलो. मागे बूटवाल्या बायांची रांग. एक म्हणे, काकाजी, लवकर करा ना, साडेसातले बंद होते.
रकाना कोरा सोडला. बाईंनी फॉर्म पाहिला आणि विचारलं, काहीच नाई का?
मी म्हटलं, नाई.