वीस युनिट

४ जानेवारी १९६५, सोमवार.
सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात घालून नळीत तापवली. निळी राहायला पाहिजे होती, विटेसारखी लाल झाली. मधुमेह. रोज इन्सुलिन, वीस युनिट, मांडीत. मग अर्ध्या तासात जेवण. वय अडतीस, नोकरी देवीची लस टोचायची, सायकलवर रोज दोन गावं. मार्चमध्ये कायम व्हायचं आहे. अनफिट ठरवलं तर संपलं. म्हणून ऑफिसात बोलायचं नाही. घरी बायकोला, कोकिळेलाही नाही. तिला 'अंगात उष्णता आहे' म्हणालो. उद्यापासून साखर बंद. एकदम बंद.

५ जानेवारी, सकाळी ७.
सिरिंज उकळली. वीस मिनिटं हातात धरून बसलो. दहा हजार दंड टोचलेला माणूस मी. घाईत टोचू नये एवढं कळतं. आज नको. त्याऐवजी जांभळाच्या बियांची पूड.
संध्याकाळ: बिनसाखरेचा चहा एक. बाकीचे तीन साखरेचे, पण ते लोकांच्या घरचे होते.

९ जानेवारी.
तहान. दुपारपर्यंत कळशी रिकामी. तेही थंडीत. पट्ट्याला नवं भोक पाडलं. वजन उतरतंय, म्हणजे पूड लागू पडली.

१४ जानेवारी, संक्रांत.
घरोघरी तिळगूळ. नाही म्हटलं की बाया पोरांचा दंड पुढे करत नाहीत. सरकारी कामासाठी अकरा लाडू खाल्ले.

१८ जानेवारी.
रजिस्टरच्या ओळी एकात एक शिरतात. चष्मा बदलावा लागेल. दुपारी एकाच पोरीला दुसऱ्यांदा टोचणार होतो, तिची बहीण तशीच राहत होती. आईनं माझा हात धरला म्हणून निभावलं. माझ्या चुकीनं त्या लेकराला देवी निघाली असती तर? उद्या नक्की सुई. उद्या नाही तर परवा.

२० जानेवारी, सकाळी ६.३०.
घेतली. डोळे मिटून. उगाच पंधरा दिवस घालवले. जेवायला थांबत नाही. उपास आणि सुई मिळून साखर दुप्पट उतरेल. डॉक्टरांना हे सुचलं नसावं. आजचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, नऊ मैल.

२१ जानेवारी.
कालचं लोकांकडून कळलं. दरदरून घाम, हात लटलट. गावाच्या तोंडाशी लिंबाच्या झाडाला मी बाही वर करायला सांगत होतो म्हणे. मग पडलो. लोक म्हणाले, देवीवाला पिऊन आला. झुंबरबाई नावाच्या म्हातारीनं माझं तोंड हुंगलं. "याले वास नाही. हा उपाशी आहे," म्हणाली आणि गुळाचं पाणी पाजलं. थोड्या वेळानं उठून बसलो. तोवर पोलीस पाटलांचा तक्रार अर्ज लिहून झाला होता.

२३ जानेवारी, शनिवार.
सुपरवायझर नारायणरावांनी आत बोलावलं. प्यायला होतात की आणखी काही, असं विचारलं. मी पटकन हिशेब केला. दारूबंदी असली तरी पहिल्या वेळी समज देतील. दारू सुटते, हा आजार सुटत नाही.
"हो," म्हणालो, "प्यायलो होतो."
त्यांनी तक्रार अर्ज घडी करून खणात ठेवला. डोकं वेळेवर चाललं म्हणायचं.

२५ जानेवारी.
ऑफिसातल्या जानराव कारकुनानं घरी जाऊन कोकिळेला सांगितलं. तिनं पोळी तव्यावरच सोडली आणि ऑफिसात आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "माह्या मालकानं दारूले हात नाही लावला कधी. त्याइले साखरेची बिमारी आहे. सांगाले भेतात ते." डब्यातली सिरिंज तिला पहिल्याच आठवड्यात सापडली होती. डॉक्टरांना विचारूनही आली होती. मी कधी सांगतो याची वाट बघत होती.
नारायणराव म्हणाले, डॉक्टरांची चिठ्ठी सहा तारखेलाच आली आहे. मी कधी सांगतो याची तेही वाट बघत होते. लांबची गावं काढून जवळची तीन दिली. कायम करायचं की नाही, ते मार्चमध्ये डॉक्टरांच्या दाखल्यावर ठरेल. नाहीही होणार, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.
म्हणजे तीन आठवडे मी फक्त स्वतःपासूनच लपवत होतो.

२६ जानेवारी, सुटी. सकाळी ७.
कोकिळेनं सुई दिली. ताटही आधीच वाढून ठेवलं होतं. मला रडू आलं. तिनं विचारलं, "लई दुखलं का हो?"
हो म्हणालो.
दुखलं नव्हतं.