मागून धरणारा

१२ फेब्रुवारी
सकाळी देवावर पाणी घातलं ते उजव्या हाताने. तांब्या खांद्याच्या वर गेला. बोहाड्यात, गावाच्या मुखवट्यांच्या उत्सवात, पडल्यापासून पहिल्यांदाच. ही चुलीपाशी होती, म्हणाली, "चालायला लागला ना हात? मग आता कुदळ धरा." माझ्या मनात कुदळ नव्हती. नवसूची मान होती.

१९ फेब्रु.
जव्हारला दवाखान्यात. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, स्नायू फक्त ओढतो, ढकलत कधीच नाही. हात वाकवताना पुढचा ओढतो आणि मागचा सैल सोडतो. सरळ करताना उलट. जोडीने राहायचं, पण सोडायची वेळ कळली पाहिजे.
चुलतभाऊ नवसूला ती कळली नाही. रावणाचं सोंग आमच्या घराण्याचं. दहा तोंडांच्या मुखवट्यातून समोरचं धड दिसत नाही, म्हणून एक जण कमरेचा शेला मागून धरतो. तोच वळवतो, तोच थांबवतो. त्या वर्षी रावण मी, मागे नवसू. गिरकीत शेला सुटला आणि मी मुखवट्यासकट खांद्यावर आपटलो. सगळे म्हणाले, देवाची इच्छा. पुढच्या वर्षी सोंग नवसूकडे गेलं. ती कुणाची इच्छा?

५ मार्च
पुन्हा बाई. "सोडायलासुद्धा स्नायूला ताकद लागते, काका. माणूस गेला की ती संपते, म्हणून प्रेत ताठतं." खरं आहे. बाबांना शेवटची आंघोळ घालताना मूठ उघडत नव्हती.
म्हणजे सोडणं हेही कामच. मग नवसूने ते केलं. चुकून कसं होईल?

२२ मार्च
बोहाड्याची बैठक. "रावणामागे कोण?" मी हात वर केला, उजवा. मागून कोणीतरी, "धरशील ना बाबा, का पुन्हा लोळशील?" हशा.
नवसू म्हणाला, "दादा मागं असल्यावर मला भ्या नाय."
निर्लज्ज. की खरंच...
घरी देवापुढे बसलो. गिरकीत सोडायचं, ठरलं होतं. पण मुखवट्याची आपण पूजा करतो. तो आपटला तर पाप नवसूचं नाही, माझं.

३० मार्च
दोरीला धोंडा बांधून रोज धरून उभा राहतो. हात हलत नाही, तरी आत काम चालूच. आधी जळतो, मग थरथरतो, मग आपोआप ढिला पडतो. मालकाला विचारत नाही.
सापडलं. सोडायचंच नाही.

८ एप्रिल
रावण उजाडताना निघाला. रिंगणं झाली की मागच्याने सोंग देवळाच्या पायरीकडे वळवायचं, तिथेच मुखवटा उतरतो. त्याआधी हात लावायचा नाही, ही रीत. मी वळवलं नाही. संबळवाल्याने पाहिलं. मी मान हलवली, वाजव.
नवसूच्या मानेच्या शिरा दोरासारख्या ताणल्या. मग मान लटलटायला लागली. आतून आवाज, "दादा, वळव."
लोक खूश. "आज रावण रंगलाय रे!"
"दादा, मरतो."
मी कानाशी गेलो. "त्या दिवशी का सोडलंस?"
आतून, "पेटका आला, दादा. बोटंच उघडली. मी नाय सोडलं. देवाशप्पत."
रावणाच्या तोंडून देवाची शपथ. पण असं होतं. धोंड्याने मलाच दाखवलंय.
तरीही आणखी एक रिंगण फिरवलं. पूर्ण. मग पायरीकडे वळवलं. लोकांनी मुखवटा अलगद उतरवला. कुठे खरचटलासुद्धा नाही. नवसू खाली बसला नाही, कोसळला. मान वर होईना.
शेला सोडायला गेलो तर माझी मूठ उघडेना. तो पडल्या पडल्याच हात पुढे करून माझं एकेक बोट सोडवत राहिला. माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही.