बिनकाचेचा गोल

गांधीधाम
१२ ऑक्टोबर २०२५

पेमा,

देविदासचा जय सेवालाल. मी खुशाल हाय. तुमची बकरी व्याली अन् दोन्ही पिल्लं जगली म्हणून खेमानं सांगितलं, बरं वाटलं. अक्षर मोठं अन् वाकडं हाय, हसू नको. शाळेत बी असंच होतं, पण आता मला निमित्त हाय. डॉक्टरनं मोबाईल पाह्यचं बंद केलंय. अन् तुमच्या घरचा मोबाईल तर सदा तुझ्या भावाच्या हातात. म्हणून चिठ्ठी. खेमा हळदीचा ट्रक खाली करून उद्या वसमतला परत निघतो, त्याच्याजवळ देतो. तो वाचायचा न्हाई, त्याला वाचायचाच कंटाळा.

मागल्या खेपेला त्यानं घरून हळदीचं फडकं आणलं, या खेपेला त्याच्या फोनात तुझा आवाज. "देवा, तू डोळ्याचं लेझर केलं म्हणं. लई दुखतं का रे? मी करू का?" अन् मग हळू आवाजात, की कुरुंद्याचे पाव्हणे येऊन गेले, पोरगा बँकेत शिपाई हाय, पोरगी पसंत हाय, फक्त तेवढा चष्मा काढा म्हणले. तवापासून कागद घेतो अन् ठेवून देतो.

तर ऐक. माझं कारण कामाचं. आमच्या कोल्ड स्टोरेजमधून बाहेर आलं की चष्म्यावर वाफ धरती, आंधळ्यावानी उभं राहावं लागतं. म्हणून मला फोर्कलिफ्ट देत नव्हते, नुसती खोकी उचलायची.

आधी थेंब टाकून डोळा बधिर करतेत. पापण्या चिमट्यानं उघड्या धरतेत, मिटायची सोय न्हाई. वर हिरवी बत्ती, तिच्याकडंच पाह्यचं. केस जळल्यासारखा वास येतो. तो वास आपल्याच डोळ्याचा हाय हे कळलं तवा मी बत्तीकडं पाहत आकडे मोजत राहिलो. तकलीफ होती ती नंतर. मिरचीपूड टाकल्यावानी आग. खिडकीला गोधडी टांगून अंधारात पडलो, पाणी थांबंना. अंधार पडला की बत्त्यांभोवती अजून फुलं दिसतेत.

हे समदं खरं हाय. पण हेच आधी लिवलं, कारण वाटलं की तू भ्याली तर करायची न्हाई, अन् न्हाई केलं तर ते कुरुंद्याचे... जाऊ दे.

बाकीचं बी खरं सांगतो. चार-पाच दिवसांनी आग थांबली. आता दिसतं, लख्ख दिसतं. खोलीच्या गच्चीवरून पार रेल्वेच्या डब्यांवरचे आकडे वाचता येतेत. एवढं लांबचं दिसतं, पण तांड्यावरचं कुणी दिसत न्हाई.

फडक्याचं सांगायचं राहिलं. आपल्याकडं डोळे दुखले की हळदीत बुडवलेलं फडकं ठेवतेत, म्हणून माझ्या याडीनं ते पाठवलं, आईचा जीव. मी येड्यासारखं दवाखान्यात घेऊन गेलो. नर्स वरडली, "हल्दी? आँख को हाथ भी मत लगाना!" खेमा म्हणाला, "आण इकडं, भाजीत टाकतो." मी दिलं न्हाई. उशीखाली ठेवलं. दिसत काहीच नव्हतं, नुसता घरचा वास येत होता. बोटं फिरवता फिरवता कोपऱ्यात टाके लागले. आपल्या घाघऱ्यावर आरशाची काच बसवायला घालतेत तसा गोल टाका, बारीक, दुहेरी. पण आत काच न्हाई.

याडीला आता सुईत दोरा ओवायला बी दुसरं माणूस लागतं. दुहेरी टाका तांड्यात कोण घालतं मला ठाऊक हाय. डोळ्याला टोचंल म्हणून तू काच लावली न्हाई, व्हय ना? फोनात त्याच्याबद्दल एक शब्द बोलली न्हाईस. मी त्या गोलावर बोट ठेवून झोपत होतो.

डोंगरकड्याच्या शाळेतलं आठवतं? तुझा चष्मा फुटला होता, तू माझा घालायची. तू फळा वाचून माझ्या कानात सांगायची अन् मी उतरवून घ्यायचो. शेषराव मास्तर म्हणायचे, "दोघांत मिळून चष्मा एक, पण डोकं एक तरी हाय का?" शाळा सुटली माझी, पण कुणी कानाशी बोललं की अजून मान तिकडंच वळती.

आता तुझा जवाब. करायचं तर तुझ्या सोयीसाठी कर. आधी बुबुळाची जाडी तपासून घे, अन् नंबर वर्षभर बदलला नसंल तरच कर. हळद शिजायला लागायच्या आत कर, नंतर तो धूर अन् धूळ डोळ्याला चालायची न्हाई. पण कुणी चष्मा काढ म्हणलं म्हणून करू नको. आमच्या घरात तू चष्म्यासकट चालती. याडीला इचारलं न्हाई, पण तिनं फडकं करायला तुलाच काहून बोलावलं?

हे लिवायलाच एवढे कागद फाडले.

चिठ्ठीसंगं फडकं परत पाठवून राहिलो. मन होत न्हाई, तरी पाठवतो. मी ते डोळ्याला लावणार न्हाई, तवा काच टोचायची भीती न्हाई. तुझ्या मनात असंल तर त्या गोलात काच बसव अन् खेमाच्या हाती धाड. मी रजा काढून याडीला घेऊन तुमच्या दारात येतो, तुझ्या भावाम्होरं बराबर बोलतो. मनात नसंल तर फडकं ठेवून घे. कुरुंद्याला जाताना उन्हात डोळे पुसायला होईल.

तू सांगशील ते उतरवून घेणारा,
देविदास