सात नंबरच्या बसला म्हणे मागणी नाही

प्रिय जावईबापू,

तुम्हाला आणि आमच्या लेकीला मनापासून आशीर्वाद. तुमची पाठ कशी आहे? (दिवसभर कॉम्प्युटरपुढे वाकणाऱ्याची पाठ दुखणारच. मीही शिलाई मशीनवर तीस वर्षं वाकलो, पण त्यातून निदान कपडे तरी निघाले.) इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ठीक काहीही नाही.

तुमच्या वाहतूक नियोजन खात्याने पहिल्या तारखेपासून आमची सात नंबरची बस बंद केली. माझ्या कारखान्यात गणवेश शिवणाऱ्या अकरा बायका त्याच बसने येत. आता निम्मी वाट तुडवत दहाला पोचतात आणि पोचल्यावर अर्धा तास पाय चोळत बसतात. दोघींनी काम सोडलं. उरलेल्याही याच महिन्यात सोडतील. मग एका मशीनवरून उभा केलेला हा कारखाना मी काय एकट्याने पायडल मारून चालवू?

म्हणून सुनावणीला आलो. तुम्ही खांबाआड उभे होतात ते मी पाहिलं. (सासऱ्यापासून लपायचं तर खांब जरा जाड निवडावा.) तुमच्या इंजिनीअर बाईंनी भिंतीवर शहराचा नकाशा लावला होता. त्यात चौकोन पाडलेले, कुठे लाल, कुठे पिवळे, आणि आमचा तेवढा पांढराफटक. खाली लिहिलेलं, 'बसची मागणी नगण्य'. बाई बोलायला गोड. म्हणाल्या, "काका, आम्ही प्रत्येक घरी जात नाही. दोनशे घरांमागे एका घराला विचारतो, काल कोण कुठे गेलं, कशाने गेलं. त्यावरून आमचं मॉडेल पुढच्या वीस वर्षांचा प्रवास सांगतं." म्हणजे शितावरून भाताची परीक्षा! आणि शीतच खोटं निघालं तर?

माझ्याबरोबर आमच्या काजबटणवाल्या मावशी होत्या. त्या तिथल्या तिथे म्हणाल्या, "बाई, त्या मॉडेलला एकदा सकाळी आठला आमच्याबरोबर स्टॉपवर उभं करा. कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडतो ते कळेल त्याला."

मग बाईंनी खुलासा केला. आमच्या चौकोनात जेमतेम दोनशे घरं, त्यामुळे विचारलं एकाच घराला. त्या घरात माणसं तीन आणि तिघंही रोज गाडीने फिरतात. झालं, दोनशेच्या दोनशे घरं गाडीवाली! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभा राहून ओरडलो, "कोण हा लबाड? नाव सांगा त्याचं!" बाई म्हणाल्या, नाव गुप्त असतं. मागे तुमचे दोन कारकून कुजबुजत होते (माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत), "त्या घरातली ऐंशीची म्हातारीसुद्धा रोज गाडीने जाते म्हणे." "कुठे रे?" "व्यायामशाळेत!"

अशा थापांवर तुम्ही लोकांच्या बस बंद करता? लाज वाटली पाहिजे खात्याला! टाळ्यांच्या कडकडाटात लोकांनी मला बस बचाव समितीचा अध्यक्ष केलं. त्या नात्याने तुमच्या मॉडेलचा मी जाहीर निषेध करतो.

तुमचा सासरा (व अध्यक्ष)

ता. क. ते घर आपलंच. पाहणीवाला आला तेव्हा शेजारचे दंतवैद्य आपल्या नव्या गाडीचं कौतुक सांगत ठाण मांडून बसले होते. त्यांच्यादेखत तुमच्या सासूबाई बसच्या दांडीला लोंबकळत बाजारात जातात, असं सांगू? त्यांची आई गाडीने बागेत जाते म्हणाले, तेव्हा माझ्या आईला (जिने तीन वर्षांत उंबरा ओलांडलेला नाही) व्यायामशाळेत धाडणं भागच पडलं. समितीला यातलं काही कळता कामा नये. तेव्हा 'तांत्रिक चूक' असं काहीतरी तुमच्या अंगावर घ्या आणि बस सुरू करा.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर तुमच्या सासूबाईंनी वाचला आणि कारखान्यात जाऊन मोठ्याने वाचून दाखवला. मावशींनी शिक्षा सुनावली : बस येईपर्यंत नऊजणींना मी माझ्या गाडीने आणायचं आणि सोडायचं. रोजच्या सहा फेऱ्या. तुमच्या सासूबाईंनाही बाजारात त्याच गाडीने जायचं आहे. आज आईसुद्धा हट्टाने पुढे बसली, म्हणाली, "कुठे आहे माझी व्यायामशाळा, दाखव." म्हणजे त्या फॉर्ममधली ओळन्‌ओळ आता खरी झाली आहे, आणि सोमवारी पाहणीवाला पुन्हा येतो आहे. खरं सांगितलं तर बस कायमची गेली. तेव्हा या खेपेला कोणतं खोटं सांगू, ते तुमच्या मॉडेलला विचारून तेवढं कळवा.