जामिनाची रेघ

टोलेडो, ३ ऑक्टोबर

ती. बाबांस,
रेनाटाचा सा. न. वि. वि.

तुमच्या सरोवरात फोन लागत नाही, म्हणून हे पत्र टपालाच्या बोटीवर सोडते. दोरीच्या बादलीतून तुमच्या जहाजावर चढेल तेव्हा लगेच वाचा, आधी स्वयंपाक उरकत बसू नका.

डिफायन्स गावच्या वृद्धाश्रमात मला कायमची नोकरी लागली! तुमच्या नातवाच्या, थिओच्या, दम्याच्या औषधांचा विमाही मिळणार. पंधरा तारखेला हजर व्हायचंय. पण अंतर पंचावन्न मैल, बस नाही आणि आपली म्हातारी बुइक गाडी हायवेवर बसकण मारते. म्हणून शनिवारी गाड्यांच्या दुकानात गेले. विक्रेत्याने माझं नाव संगणकात घातलं आणि म्हणाला, बाईसाहेब, तुम्ही तर अजून जन्मालाच आला नाहीत. कधी कर्ज नाही, कार्ड नाही, म्हणजे पतच नाही. सगळं रोखीने घ्यायची तुमची शिकवण अशी अंगाशी आली. व्याज एकोणीस टक्के, सहा वर्षं. जामीन मिळाला तर नऊ.

बँकेचं उत्तर यायचंय, तरी त्याने लाल गाडीची किल्ली हातात ठेवली आणि बुइक बदल्यात ठेवून घेतली. थिओ त्या गाडीतच जेवतो. बाबा, जामीन म्हणून सही कराल ना? नऊ झेपतील, एकोणीसमध्ये घरभाडं थकेल.

तुमच्या मायेवर विसंबलेली,
रेनाटा

जहाजावरून, ७ ऑक्टोबर

चि. रेनाटास अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकून आधी पत्र वाचलं, तर रस्सा करपला. खलाशांच्या शिव्या खाल्ल्या.

अगं, बँकेच्या होकाराआधी गाडी घरी आणतात का? ही त्यांची जुनी खोड. पोराला गाडीचा लळा लागला की फोन येतो, बँक नाही म्हणाली, जास्त व्याजावर सही करा. गाडी ताबडतोब परत दे. कागदावर बँकेच्या मंजुरीची अट असेल, तिच्यावर बोट ठेव. बुइकची किल्ली घेतल्याशिवाय हलू नकोस.

माझ्या सहीचा उपयोग नाही, पोरी. तू नऊ वर्षांची असताना लेशेककाकाच्या ट्रकला मी जामीन राहिलो. तो पळाला, मी बुडालो. त्यानंतर कोणाच्या दारात मागायला गेलोच नाही. आता संगणकात मीही जन्मलेलो नाही. रोखीचं व्रत वगैरे काही नव्हतं. लाज होती, ती मी तुला शिकवण म्हणून दिली.

आपल्या चर्चच्या पतपेढीत जा. माझ्यावर रागावलीस तरी जा.

तुझा,
बाबा

टोलेडो, १३ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न.

तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच विक्रेत्याचा फोन आला. चोवीस टक्के, नाहीतर वडिलांना घेऊन या. मी सही करायला निघालेच होते. पत्र वाचून त्या माणसापेक्षा तुमचा राग जास्त आला. अठरा वर्षं! आधी सांगितलं असतंत तर एखादं कार्ड तरी काढलं असतं.

गाडी परत केली. थिओ रडला. विक्रेता म्हणाला, बुइक विकली. ती मागच्या रांगेत उभी होती, थिओचा मोजा काचेतून दिसत होता. मी तिच्या बॉनेटवर चढून बसले. अर्ध्या तासाने किल्ली आली.

पतपेढीतल्या हेलेनबाईंनी पुरावा मागितला. मी बिस्किटांचा डबा उघडला. सहा वर्षांच्या भाड्याच्या पावत्या, एकही तारीख चुकलेली नाही. पावत्या जपायलाही तुम्हीच शिकवलंत, म्हणून थोडा राग उतरला. चौदाशे डॉलर मिळाले, नव्या गाडीसाठी नव्हे, बुइकच्या गिअरबॉक्ससाठी. परवा पहाटे निघते. वाटेत बसली तर नोकरी गेली. मला फार भीती वाटते, बाबा.

रेनाटा

टोलेडो, २० नोव्हेंबर, पुढचं वर्ष

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुम्ही आता जहाज सोडणार आणि अल्पेना बंदराहून तीन बस बदलत थिओला भेटायला येणार म्हणता. बसचे हाल काही नकोत.

बुइकने वर्ष काढलं. बाराही हप्ते वेळेवर गेले. हेलेनबाईंनी संगणक माझ्याकडे वळवून दाखवला. मी जन्मले, बाबा!

सोबत एक अर्ज आहे, तुमच्या नावाने, एका छोट्या गाडीच्या कर्जाचा. लेशेककाकाची आठवण काढू नका. मी माणूस पारखूनच जामीन राहते आहे. खालच्या रेघेवर माझी सही झाली आहे. वरची रेघ तुमची. या खेपेला रोखीचं कारण ऐकणार नाही.

लोभ आहेच, सही तेवढी पाठवा.

तुमची,
रेनाटा