पपांचा नंबर

९ जानेवारी
फोन कंपनीचं पत्र आलं. तांब्याच्या तारा काढणार, जूनपर्यंत. इंटरनेटवरचा फोन घ्या म्हणे, नाहीतर तुमचं तुम्ही बघा! कॅनडाच्या वेशीवरच्या या खोऱ्यात मोबाईलला रेंज कुठली? आणि बोलणारी मी महिन्याला जेमतेम दहा मिनिटं. डॉक्टर आणि चर्चमधली ब्लँश. संपलं.

दुपारी पुन्हा वाजला. पलीकडे कुणी बोललं नाही. नुसता श्वास. 'रेनाल्ड' म्हणायला तोंड उघडलं आणि नुसतं 'हॅलो'च म्हटलं, नेहमीसारखं. ब्लँश म्हणते, "जाहिरातवाल्यांचं मशीन असतं गं ते, जर्मेन." मशीन कधीपासून श्वास घ्यायला लागलं?

१२ जानेवारी
वाचनालयातल्या जोझेटने कॉम्प्युटरवर तीन सेवा काढून दाखवल्या. एकीत हवं तेवढं बोला — मला काय करायचंय? दुसरीत डबा एकदाच विकत घ्यायचा, पुढे फुकट. पण बिघडला की कुणी वाली नाही. तिसरी मिनिटावर. येणारा फोन जवळजवळ फुकट, आपण केला तर मिनिटाला एक-दोन सेंट.

"ही घ्या मावशी. तुमच्यासारख्या मौनव्रतवाल्यांसाठीच काढलीय!" मग म्हणाली, "नवा नंबर घेतलात तर आजच सुरू. जुनाच ठेवायचा तर वेळ लागेल. कशाला हवाय तो?"

"सवय झालीय," म्हटलं. धडधडीत खोटं.

१३ जानेवारी
इथे तरी खरं लिहावं. रेनाल्ड माझा धाकटा भाऊ. पपांच्या मातीला आला नाही. चार दिवसांनी फोन केला, प्यायलेला, रडत होता. मी म्हटलं, "या नंबरवर पुन्हा फोन करायचा नाही."

एकतीस वर्षं झाली. पपांचं घर विकलं, मी दोनदा जागा बदलली, पण नंबर सोडला नाही. पत्र लिहिणाऱ्यातला तो नव्हेच. त्याला माझा हा नंबर तेवढा ठाऊक आहे.

३ फेब्रुवारी
वजा तीस. वीज नऊ तास गेली. तारेचा फोन चालूच! नवा अशा वेळी मुका होणार, बॅटरी लागेल, असं जोझेट म्हणाली होती. त्या नऊ तासांत त्याने केला तर? बॅटरी मागवली.

२१ फेब्रुवारी
जोझेटने जुना नंबर नव्या सेवेकडे नेण्याचा अर्ज भरला. उद्या पाठवते म्हणाली. "तुम्ही काही करू नका मावशी, बाकी मी बघते."

पण आमच्यात असं गुपचूप दुकान बदलत नाहीत. बियाण्याचा व्यापारी बदलायचा तर पपा आधी जुन्याच्या दारात टोपी काढून उभे राहायचे. मीही कंपनीला फोन केला. इतक्या वर्षांचे आभार मानले, आजपासून बंद करा म्हटलं. मुलगी गोड बोलली. बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी
जोझेटचा चेहरा पांढरा पडला. "आधीच बंद केलात? अहो, चालू असलेलाच नंबर दुसरीकडे नेता येतो! बंद केला की गेला!"

तिने कंपनीला तीनदा फोन लावला, भांडली. नाही म्हणजे नाही. मला घरी सोडताना विचारलं, "एवढा कुणाचा फोन यायचा होता?" सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी. तिने गाडी कडेला घेतली आणि रडली. मला रडू आलं नाही. स्वतःच्या हाताने केलं मी हे.

१ मार्च
नवा फोन लागला. आवाज स्वच्छ. पहिला फोन पपांच्या नंबरला केला. "हा नंबर सेवेत नाही."

१९ मार्च
रोज करते. न लागलेल्या फोनला पैसे पडत नाहीत.

८ एप्रिल
उद्या ईस्टर. ब्लँशने कुट्टूची धिरडी आणून दिली. तिच्यासमोर दोनदा उठून फोनपाशी गेले. "काय झालं गं?" म्हणाली. वाजलाच नव्हता म्हणे! मला ऐकू आला. जुन्या फोनची घंटा होती ती, नव्याची नव्हे.

२२ मे
लागला!! एका तरुण मुलीने उचलला. "हॅलो? कोण?" काय सांगू तिला? नुसता श्वास घेत उभी राहिले आणि ठेवला.

२ जून
अकरा दिवस धीर झाला नाही. आज केला, सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, "आजी, परवा एका म्हाताऱ्या माणसाचा फोन आला होता. जर्मेन आहे का, म्हणाले. मी म्हटलं, नंबर आता माझा आहे. तर विचारलं, 'गेली का ती?' मी म्हटलं, गेल्याच असतील. ते रडायला लागले हो."

त्याचा नंबर उमटला नव्हता. पुन्हा आला तर माझा नवा देईन म्हणाली. गुणी पोर आहे.

पण मेलेल्या बहिणीला पुन्हा फोन कोण करतं?