कैनाडच्या चाफ्यावरचे फुलकिडे

बाबा, काल शेजारच्या बाई कुंडीतल्या चाफ्याचं पान घेऊन आल्या. कडा वर वळलेल्या, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना चंदेरी-तपकिरी ओरखडे. झाडाला पाणी कमी पडतंय का, असं त्या विचारत होत्या. मी पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटकलं आणि त्यांना म्हटलं, फुलकिडे आहेत, आधी धुऊन काढा. त्या गेल्यावर कामात लक्ष लागेना, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन आता पंचवीस वर्षं होऊन गेली.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. रेल्वेतून निवृत्त होऊन तुम्ही कैनाड गावातल्या, आईच्या वाटणीच्या जमिनीच्या तुकड्यावर रोपवाटिका काढली होती. चिकूची कलमं सगळेच करतात म्हणून तुम्ही चाफा धरला. फांद्या कापायच्या, चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवायच्या, मग काळ्या पिशव्यांत लावायच्या. मी तलासरीच्या शेती कार्यालयात नुकतीच लागले होते आणि रोज हायवेच्या बसनं जात-येत होते. तिथल्याच एका शाळेला पावसाळ्यात आवारात लावायला चाळीस रोपं हवी होती. ती मागणी मीच आणली होती, त्यामुळे रोपं नीट असणं ही माझ्याही अब्रूची गोष्ट होती.

होळी होऊन गेली होती. रविवारी मुख्याध्यापक रोपं बघायला आले. तुम्ही त्यांना रांगेरांगेनं फिरवताय, कुठला पांढरा, कुठला लाल ते सांगताय, आणि मागून चालताना मला दिसतंय की निम्म्या रोपांचे शेंडे काळे पडलेत. मी एक पान तोडून वहीच्या कागदावर झटकलं. पिवळसर, केसाच्या तुकड्याएवढे किडे धावायला लागले. तुम्ही कागद उन्हात धरलात, चष्मा वर-खाली केलात.

"धूळ आहे," तुम्ही म्हणालात. "रस्त्याची."

"चालतेय ती, बाबा."

"मला तर काही चालताना दिसत नाही."

"तुम्हाला दिसत नाही, तर दिसत नाही म्हणा ना! लोकांना रोगट झाडं कशाला देता?"

मुख्याध्यापक खाली बघायला लागले. पुन्हा येतो म्हणून ते निघून गेले. त्या दिवशी जेवताना आईनं दोनदा विचारलं, काय झालं, तर दोन्ही वेळा तुम्ही "काही नाही" म्हणालात.

सोमवारी सकाळी मी बससाठी निघाले तेव्हा तुम्ही रोपांत उकिडवे बसला होतात. एकेक पान दोन बोटांत धरून अंगठा त्याच्या मागच्या बाजूवरून फिरवत होतात. "इकडे ये," म्हणालात. "या रांगेत आठ रोपं खरबरीत लागतात. बघ बरं." मी बघितलं. आठच होती, आणि नेमकी तीच. "सिग्नलच्या केबिनमध्ये कुठला लिव्हर ओढायचा ते हाताला कळायचं. बघावं लागायचं नाही," तुम्ही म्हणालात, आणि मग पहिल्यांदा मला विचारलंत, "आता काय करायचं, सांग."

मी जहाल औषधाचं नाव सांगितलं. एका फवाऱ्यात काम झालं असतं, असं मला तेव्हा वाटत होतं. बांधापलीकडच्या मावशी ऐकत होत्या. त्यांची मिरची आपल्या रोपांना लागूनच होती. "भाऊ, माझ्या मिरचीची पण पानं अशीच वळलीत," त्या म्हणाल्या. "पण ते औषध नको. हिरवी मिरची मी रोज तोडते, बाजारात नेते. लोक खातात ती." त्यावर तुम्ही बांधाशी जाऊन त्यांच्या मिरचीच्या पानावर अंगठा फिरवलात. मग म्हणालात, "आपल्याकडून गेलं असेल तुमच्याकडे. आधी तुमची मिरची धुऊ."

पुढचे दोन महिने तुम्ही तेच केलंत. काळे शेंडे कापून जाळलेत, खाली पडलेली पानं आणि गवत उचललंत. रोज सकाळी पाठीवर पंप घेऊन साध्या पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागच्या बाजूला. आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर, निंबोळ्यांचा अर्क आणि थोडा साबण. आधी मावशींची मिरची, मग आपला चाफा. रविवारी मी कागदावर पानं झटकून किडे मोजायचे आणि तुम्हाला आकडा सांगायचे. ऑफिसात जे मी लोकांना छापील कागदावरून वाचून दाखवायचे, ते इथं तुमच्या हाताखाली शिकत होते. मे संपता संपता नवी पानं सपाट यायला लागली. मावशींची मिरची उशिरा का होईना, धरली. शाळेला चाळीसऐवजी एकतीसच रोपं दिलीत. उरलेल्या नवांवर अंगठा फिरवून तुम्ही म्हणालात, "ही नाही जायची."

त्यानंतर तुम्ही स्वतःहून डोळे दाखवायला तयार झालात. वलसाडला दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा लागल्यावर तुम्ही मला मुद्दाम एक पान झटकायला लावलंत, कागदावर वाकलात आणि हसलात. "एवढंसं? ह्याच्यापायी मला एवढं बोललीस?" मीही हसले. पण उजव्याच डोळ्यानं नीट दिसत होतं. डाव्यातला मोतीबिंदू फार पिकला होता, वर्षभर आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

बाबा, तुमचा हात कपाच्या बाजूला पडतो, बशीत न ओतता चहा ताटात ओतता, हे मी त्या रविवारच्या दीड वर्ष आधीपासून बघत होते. वलसाडला न्यायचं म्हणजे आठ-दहा दिवसांची रजा. मी नोकरीत नवी होते, मागायला धजले नाही. सुट्टीत बघू, असं म्हणत राहिले, तेही मनातच. आईलासुद्धा बोलले नाही. मुख्याध्यापकांसमोर जे तोंडातून निघालं, ते रोपांमुळे निघालं नव्हतं.

तुम्ही मात्र शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलात, "माझ्या मुलीनं वेळेवर ओळखलं, म्हणून डोळा वाचला." मी तिथंच उभी असायचे, आणि एकदाही तुम्हाला थांबवलं नाही.